कामं मिळतील हो, पण लिहून ठेवा: वकिलीच्या स्वतंत्र ऑफिसचं पहिलं वर्ष

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सहा वर्षं सिनिअरकडे काढली, दिवाणी दावे आणि चेक बाउन्सच्या केसेस स्वतः चालवता, आता वर्गमित्राबरोबर जिल्हा कोर्टाजवळ ऑफिस काढायचंय, गाठीशी तीन लाख रुपये आहेत. कामं मिळतील का, पहिलं वर्ष निभेल का आणि कारकून कधी ठेवायचा?

कामं मिळतात. सहा वर्षं एकाच बारमध्ये, म्हणजे कोर्टातल्या वकिलांच्या संघटनेत, रोज दिसणाऱ्या वकिलाने ती काळजी फार करू नये. मी सांगलीत २०१२ च्या जूनमध्ये मैत्रिणीबरोबर ऑफिस काढलं तेव्हा मलाही हीच धास्ती होती. तीन महिन्यांत आमच्या टेबलावर बावीस फायली आल्या आणि तरी ऑक्टोबरचं भाडं मी घरातून भरलं. तेव्हापासून जे ज्युनिअर विचारायला येतात त्यांना मी एकच गोष्ट विचारते: घेतलेल्या कामात काय काय ठरलं ते कुठं लिहिलंय का? फी किती, कधी द्यायची, कोर्ट फीचे पैसे कुणाकडे, पुढची तारीख कोण बघणार, भागीदाराचा वाटा कशावर. सिनिअरच्या ऑफिसात हे सगळं सिनिअरच्या डोक्यात किंवा कारकुनाच्या वहीत असतं. आपण सहा वर्षं उलटतपास शिकतो, आणि ती वही एकदाही उघडून बघत नाही.

आधी हे मान्य करते की बरंच काही परिस्थितीवर आहे. फौजदारी करणाऱ्याच्या हातात पैसा लवकर येतो, कारण जामिनाला घाई असते. दिवाणी करणाऱ्याचा उशिरा येतो. मोटार अपघाताच्या क्लेमवाल्याचा सगळ्यात शेवटी. माझ्या नवऱ्याची नोकरी होती, घरखर्चाला ऑफिसच्या पैशाला हात लावावा लागला नाही. हे न सांगता ‘मी केलं, तुम्हीही करा’ म्हणणं खोटेपणाचं होईल. तुमच्यावर घर चालत असेल तर तीन लाखांचा हिशेब वेगळा आहे, नसेल तर वेगळा.

तो हिशेब करून टाकू. जिल्ह्याच्या गावात कोर्टाजवळ दोन टेबलांची खोली आठ हजार भाड्याने मिळाली असं धरा. वर्षाचं भाडं शहाण्णव हजार, डिपॉझिट चाळीसएक. जुनं फर्निचर, लेझर प्रिंटर, स्कॅनर, कपाट यांत साठ. वीज, इंटरनेट, कागद, पेट्रोल मिळून महिन्याला सहा-सात हजार. जवळजवळ तीन लाख इथंच उडतात. म्हणजे ऑफिस वर्षभर उघडं राहील, तुमच्या जेवणाची सोय त्यात नाही. मित्र तेवढेच पैसे घालणार असेल तर थोडी हवा मिळेल. घालणार नसेल तर पहिले सहा महिने एखाद्या सिनिअरच्याच ऑफिसात टेबल मागा. त्यात कमीपणा नाही, आमच्याकडे आज नावाजलेले दोघं-तिघं तसेच उभे राहिले.

सुरुवात कधी करायची हेही बघा. मे महिन्याच्या सुट्टीत दिवाणी कोर्टं बंद असतात, दिवाळीतही. त्या दिवसांत भाडं चालू असतं आणि जमा बंद. म्हणून जूनमध्ये कोर्टं उघडताना सुरू केलेलं बरं. शिवाय आमच्या भागात पक्षकाराचं स्वतःचं एक पंचांग असतं. तासगावकडचा बागायतदार म्हणतो द्राक्षं गेली की देतो, वाळव्याचा म्हणतो ऊसबिल आलं की. ऊस कारखान्यात गेल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायचं असं ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय खरं, पण पक्षकाराचं बिल कधी येतं हे त्यालाच विचारा आणि हप्ता त्या महिन्यात लावा. पहिल्या वर्षी मला हे सुचलं नाही. मी ऑगस्टमध्ये फी मागत बसायचे, जेव्हा शेतकऱ्याच्या घरात खताच्या उधारीशिवाय काही नसतं.

आता फीबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण बहुतेकजण इथंच बुडतात.

पहिल्या महिन्यात एक गृहस्थ आले. दार उघडून विचारलं, “वकीलसाहेब कुठायत?” मी म्हटलं, मीच. ते बसले, वाटपाच्या दाव्याचे कागद काढले आणि पाच मिनिटांत मला ताई म्हणायला लागले. “ताई, तुम्ही घरच्याच. फीचं काय असेल ते बघू की.” एकदा ताई म्हणवून घेतलं की फीचा आकडा उच्चारताना जीभ अडखळते. मी आकडा सांगितला नाही. दावा तयार केला, दाखल केला, तूर्तातूर्त मनाईचा (निकालापर्यंत समोरच्याला रोखून धरण्याचा) अर्ज चालवला, मनाई मिळाली. मनाई मिळाल्यावर गृहस्थ दिसेनासे झाले. दिवाणी दाव्यात मनाई मिळालेल्या वादीला घाई उरत नाही, आणि वकिलाची आठवणही उरत नाही. पुराव्याच्या वेळी ते आले, तेव्हा त्यांच्या मते फी ‘दिलेलीच’ होती. काय बोलणं झालं होतं हे मला तरी कुठं आठवत होतं?

हे असं का होतं त्याचं कारण आपल्या नियमांत आहे आणि ते समजून घ्या. निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी मनाई आहे. म्हणजे ‘जिंकलो तर दहा टक्के’ हा रस्ता बंद. बारमध्ये कोण काय करतं हे मला सांगू नका, मला माहीत आहे. फी मिळाली नाही म्हणून पक्षकाराची फाईल अडवून ठेवायचाही हक्क नाही, ते सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात २००० सालीच स्पष्ट केलं. पक्षकाराला खटल्यासाठी पैसे उसने द्यायचे नाहीत हाही नियम आहे. आता बघा, शेवटी मिळण्याची खात्री नाही, मध्ये अडवता येत नाही. राहिलं काय? टप्पा सुरू होण्याआधी घेणं.

म्हणून आम्ही दुसऱ्या वर्षापासून एक पान छापून घेतलं. त्यात कामाचं वर्णन दोन ओळींत, एकूण फी, आणि हप्ते टप्प्यांवर: दावा दाखल करताना, मनाई अर्जाच्या सुनावणीआधी, कोर्टाने वादाचे मुद्दे काढल्यावर पुराव्याचं शपथपत्र देण्याआधी, युक्तिवादाआधी. अपील, अंमलबजावणीची दरखास्त, नवीन अर्ज हे यात नाहीत असं स्पष्ट. खाली पक्षकाराची सही, त्याला एक प्रत. मला वाटलं होतं लोक बिचकतील. उलट झालं. गावचा माणूस सावकाराकडे, सोसायटीत, बँकेत सह्या करूनच जगतो. लिहिलेल्या कागदावर त्याचा आपल्यापेक्षा जास्त विश्वास असतो. बिचकतात ते सुशिक्षित नातेवाईक. नातेवाइकांचं सांगते: एकतर फुकट करा आणि कागदावर ‘फी नाही’ असं लिहा, नाहीतर पूर्ण फी घ्या. निम्म्या फीत दोन्ही बाजूंना वाटतं की आपण उपकार केला.

फी ठरवताना किती सांगायची हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. त्याचं उत्तर माझ्याकडे आकड्यात नाही, गावागावात फरक आहे. रीत सांगते. ते काम किती तारखांचं आहे याचा अंदाज घ्या, एका तारखेला तुमचा ऑफिसखर्च किती पडतो तो काढा. फी त्याच्या खाली जात असेल तर तुम्ही पदरचे घालून वकिली करताय, एवढं स्वतःला तरी कळू द्या.

पक्षकाराचे खर्चाचे पैसे आणि तुमची फी यांची गल्लत करू नका. कोर्ट फी, वकिलांच्या वेल्फेअर फंडाचं तिकीट, समन्सचा भत्ता, नकला, नोटरी यांसाठी दिलेले पाच हजार ही तुमची कमाई नाही. पक्षकाराच्या पैशाचा हिशेब ठेवणं हे नियमातलं कर्तव्य आहे, आणि त्याच्यासाठी कुणाकडून रक्कम आली तर शक्य तितक्या लवकर त्याला कळवणंही. आम्ही त्यासाठी दुसरं बँक खातं काढलं. तोपर्यंत सगळं माझ्या पर्समध्ये होतं, आणि एका शनिवारी एका पक्षकाराच्या कोर्ट फीच्या पैशातून दुसऱ्याच्या नकला काढल्यावर मला रात्री झोप आली नाही. चोरी नव्हती, सोमवारी भरले. पण अशीच सवय लागते.

तारखांकडे येते. इथं माझी चूक सांगते, कारण तुम्ही चेक बाउन्स करता.

आमच्या दुसऱ्याच महिन्यात एक व्यापारी आला. बँकेचा रिटर्न मेमो (चेक न वटल्याची चिठ्ठी) त्याला ४ जुलैला मिळालेला, आमच्याकडे आला ३० जुलैला. मी कागद घेतले, मैत्रिणीला म्हटलं नोटीस काढायची आहे. तिने ऐकलं की मी काढणार आहे. मी समजले की ती काढणार आहे. ७ ऑगस्टला तो ‘उत्तर आलं का’ विचारायला आला तेव्हा फाईल टेबलावर तशीच होती. चेक बाउन्सच्या कलम १३८ खालच्या नोटिशीचे ३० दिवस ३ ऑगस्टलाच संपले होते. तुम्हाला माहीत असेल, पण ठासून सांगते: तक्रार दाखल करायला उशीर झाला तर पुरेसं कारण दाखवून माफी मागता येते, नोटिशीच्या ३० दिवसांना अशी माफी नाही. आमचं नशीब एवढंच की चेक २० जूनचा होता आणि त्याची तीन महिन्यांची मुदत शिल्लक होती. पक्षकाराला सगळं खरं सांगितलं, चेक पुन्हा बँकेत लावायला लावला, १४ ऑगस्टला तो परत आला, १६ ला नोटीस मी स्वतः पोस्टात टाकली. चेकची मुदत संपली असती तर राहिला असता नुसता वसुलीचा दिवाणी दावा.

वकिलाच्या सेवेविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ ला सांगितलं, तेव्हा बारमध्ये पेढे वाटायचे बाकी होते. पण ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली बार कौन्सिलकडे तक्रार होऊ शकते, दिवाणी भरपाईचा दावाही होऊ शकतो. आणि या दोन्हींच्या आधी तो व्यापारी मार्केट यार्डात बसून काय बोलेल, ते जास्त महाग पडतं.

त्या दिवसापासून आमच्याकडे दोन डायऱ्या आहेत. एक कोर्टाच्या तारखांची, दुसरी मुदतींची. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. कोर्टाची तारीख विसरलात तर बोर्डावर दिसते, ई-कोर्ट्सच्या ॲपवर सोळा अक्षरी सीएनआर नंबर (खटल्याचा ओळखक्रमांक) टाकला की दिसते, विरुद्ध बाजूचा वकीलही सांगतो. मुदत कुणीच सांगत नाही. नोटिशीचे ३० दिवस, जिल्हा न्यायालयात दिवाणी अपिलाचे ३० दिवस, कैफियतीचे (दाव्याला द्यायच्या लेखी उत्तराचे) ३० आणि वाढवून ९० दिवस, वाणिज्य वादात १२० व्या दिवशी कैफियतीचा हक्कच संपणं. लक्षात असू द्या, तीन लाखांपासूनचा व्यापारी वाद आता वाणिज्य न्यायालयात जातो आणि नेहमीच्या दाव्यासारखी मुदतवाढ तिथं गृहीत धरून चालत नाही. मुदतींच्या डायरीत प्रत्येक नोंदीपुढे एकच नाव असतं. ‘आपण’ असं लिहायचं नाही, एक नाव. आणि शेवटच्या तारखेच्या सात दिवस आधीच्या पानावर दुसरी नोंद. ॲपवरच सगळं सोडू नका. रोजनामा (कोर्टाच्या त्या दिवशीच्या कामाची नोंद) चढायला उशीर होतो, आणि तारीख कधी कधी चुकीचीही चढते. संध्याकाळी सहा वाजता दहा मिनिटं दोघांनी डायरी समोर घेऊन बसायचं, बारमधल्या चहाच्या आधी.

मित्राबरोबरच्या भागीदारीचा मुद्दा तुम्ही एका ओळीत उरकलाय. मला वाटतं सगळ्यात मोठा धोका तिथंच आहे. आम्हीही ‘निम्मं निम्मं’ म्हणून सुरुवात केली. आठ महिन्यांनी लक्षात आलं की ती कोर्टात उभी राहते, मी ड्राफ्टिंग आणि सर्च रिपोर्ट (मिळकतीच्या मालकीचे जुने कागद तपासून दिलेला अहवाल) करते, पक्षकार तिचे वाढताहेत आणि नियमित पैसा माझ्या कामातून येतोय. दोघींनाही वाटत होतं की आपण जास्त ओढतोय. भांडण झालं नाही, अबोला झाला, जो जास्त वाईट. शेवटी एका रविवारी मिरजेला तिच्या आईकडे बसून करार लिहिला: आधी ऑफिसखर्च, मग काम आणणाऱ्याला ठरलेला भाग, करणाऱ्याला ठरलेला भाग, उरलेलं निम्मं. कुणी बाहेर पडलं तर चालू फायलींचं काय, डिपॉझिट कुणाचं, फोन नंबर कुणाकडे राहणार. दुसऱ्यांची भागीदारीपत्रं आपण स्टॅम्पवर सुंदर लिहितो आणि स्वतःचं तोंडी ठेवतो. हेही ध्यानात ठेवा की वकील नसलेल्याबरोबर फीचा वाटा करता येत नाही. कुणी मेहुणा पैसे घालतो म्हणाला तर ते कर्ज म्हणून घ्या, भागीदार म्हणून नाही.

दोघं असलात की आणखी एक वही लागते: कोणतंही काम घेण्याआधी दोन्ही बाजूंची नावं तपासायची. छोट्या गावात भावकीतला एक भाऊ तुमच्याकडे आणि दुसरा तुमच्या मित्राकडे सल्ल्याला येऊन जातो. एकाला सल्ला दिल्यावर त्याच वादात दुसऱ्याचं वकीलपत्र घेता येत नाही. आम्ही एकदा असं काम सोडलं. फी परत करताना वाईट वाटलं, पण त्या भावकीतून पुढे चार कामं आली.

कामं आणण्याबद्दल थोडक्यात. जाहिरात करता येत नाही. पाटी माफक आकाराची. वेबसाइट चालते, पण नाव, पत्ता, संपर्क, शिक्षण, कामाचं क्षेत्र असल्या ठरावीक माहितीपुरतीच. ‘हमखास जामीन’ असले व्हिडिओ करू नका, आणि कामं आणून देणाऱ्या दलालाला टक्केवारी तर अजिबात नाही, तो उद्या त्याच पक्षकाराला दुसरीकडे विकतो. सिनिअरच्या पक्षकारांना फोन करू नका. ते आपणहून आले तर ज्या प्रकरणात सिनिअरचं वकीलपत्र आहे त्यात त्यांच्या संमतीशिवाय, किंवा ती मिळाली नाही तर कोर्टाच्या परवानगीशिवाय, उभं राहता येत नाही, आणि ती संमती फोनवरून मागू नका, जाऊन मागा. बँकेच्या वकिलांच्या पॅनेलवर जाता आलं तर जा. तीस वर्षांचा सर्च, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा), फेरफार वाचणं कंटाळवाणं आहे, पण महिन्याला येणारा तेवढाच पैसा. फक्त सर्च खरोखर घ्या, कुणी आणून दिलेल्या कागदांवर डोळे झाकून सही करू नका. गरजूंना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा समितीच्या पॅनेलवर नाव द्या. पैसे कमी, पण पूर्ण खटला स्वतः चालवायला मिळतो. आणि तुमचा जिल्हा सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग यांपैकी असेल तर एक संधी आम्हाला नव्हती ती तुम्हाला आहे. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं. आमच्या वेळी अपिलाची फाईल मुंबईच्या वकिलाकडे गेली की गेलीच. आता सांगलीहून सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

कराचं एका सीएला दोन तास बसून विचारा. व्यवसाय कर भरा. वर्षाची फी ठरावीक मर्यादेवर गेली की बँक किंवा कंपनी बिलातून १० टक्के टीडीएस कापेल, तो विवरणपत्र भरल्याशिवाय परत मिळत नाही. व्यावसायिकांना ठरावीक मर्यादेपर्यंत निम्मी जमा उत्पन्न धरण्याची सोय आहे, पहिल्या वर्षी ती सोपी पडते. जीएसटीची धास्ती घेऊ नका: खासगी व्यक्तींना दिलेल्या सेवेवर तो नाही, व्यवसायांकडून असेल तिथं तो त्यांनी भरायचा असतो.

कारकून कधी ठेवायचा हेही विचारलंय तुम्ही. सहा महिने ठेवू नका. नक्कल विभागात, नाझरकडे (कोर्टात पैसे भरून घेणारा), बेलिफाकडे (समन्स बजावणारा) स्वतः जा. रांगेत उभं राहिल्यावर कोणता अर्ज कुठं अडकतो ते कळतं, आणि पुढे ठेवलेल्या माणसाला नेमकं सांगता येतं. आम्ही सातव्या महिन्यात एक पोरगा ठेवला. त्याने पहिल्या आठवड्यात मला विचारलं, “मॅडम, या मुदतीच्या डायरीत माझं नाव कुठल्या ओळीला लिहू?” तो आजही आमच्याकडे आहे.